तेजोमेघांची जोडचित्रे

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे रंगीत चित्र कोठे ना कोठे पाहिले असेलच. पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर, दिनदर्शिकेवर, अथवा हल्ली घरोघरी असलेल्या मोबाइलच्या पडद्यावर गुलाबी व निळसर रंगांचे उसळलेले ढग आणि त्यांत विखुरलेले तारे असे ते चित्र असते. ते पाहून मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत रात्री अंगणात येऊन मृगाकडे दृष्टी लावणाऱ्या विद्यार्थ्याची मात्र निराशा होते. मृगाच्या चार पायांचे चार तारे दिसतात, पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे एका रेषेत दिसतात, त्यांच्या दक्षिणेस लहान ताऱ्यांची एक उभी ओळ दिसते, आणि त्या ओळीच्या मध्यावर फार तर एक धुरकट डाग दिसतो. गुलाबी ढग कोठेच नाहीत. ईयोबाच्या पुस्तकात कृत्तिकांबरोबर ज्याचा उल्लेख आला आहे, ज्याच्यावर आपल्याकडे व्याधाने बाण सोडल्याची कथा आहे, तोच हा मृग; परंतु चित्रातला आणि आकाशातला यांत मेळ म्हणून लागत नाही. तेव्हा “ते चित्र खरे की बनविलेले?” असा प्रश्न तो आपल्या शिक्षकांस विचारतो. अशी मोठी चित्रे एका खेपेस काढलेली नसून शेकडो चित्रे एकमेकांस जोडून तयार केलेली असतात, हे कळल्यावर तर त्याचा संशय अधिकच बळावतो.

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि “शास्त्रज्ञांनी काढले आहे म्हणजे खरेच असणार” असे उत्तर देऊन तो मिटविणे योग्य नाही. आमचे मत असे आहे की, रीतीने जोडलेले चित्र हे एकट्या चित्रापेक्षा अधिक खरे असते. परंतु ‘रीतीने’ या एका शब्दात सारे मर्म साठविलेले आहे. ती रीत कोणती हे विद्यार्थ्यांस समजावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

प्रथम आपल्या डोळ्याची अडचण ध्यानात घेतली पाहिजे. डोळा प्रकाश साठवीत नाही. क्षणाच्या एका लहानशा अंशात जेवढा प्रकाश आत आला तेवढ्यावर तो निवाडा देतो आणि पुन्हा नव्याने पाहू लागतो. शिवाय मंद प्रकाशात त्यास रंग ओळखता येत नाहीत. अंधाऱ्या खोलीत लाल लुगडे काळे भासते, तोच हा प्रकार. छायाचित्राची काच अथवा आजच्या कॅमेऱ्यातील सेन्सर यांचे तसे नाही. जितका वेळ उघडे ठेवावे तितका प्रकाश ते साठवीत जातात. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर याने मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, त्यास ५१ मिनिटे लागली. तीनच वर्षांनी, १८८३ साली, इंग्लंडात अँड्र्यू कॉमन याने ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून याच तेजोमेघाचे चित्र घेतले, त्यात तर त्याच दुर्बिणीतून डोळ्यास न दिसणारे तारेही उमटले. खगोलशास्त्राच्या इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे. त्या दिवसापासून छायाचित्र हे डोळ्याने पाहिलेल्याची नक्कल न राहता स्वतःच एक साक्षीदार झाले. चित्रात दिसते ते डोळ्यास दिसत नाही, एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. सूक्ष्मदर्शकातून दिसणारे जंतूही डोळ्यास दिसत नाहीत.

आता एकच लांब चित्र न घेता पुष्कळ चित्रे का घ्यावयाची? येथे दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एकाच जागेची अनेक चित्रे एकावर एक ठेवणे ही एक, आणि शेजारशेजारच्या जागांची चित्रे कडेला कड लावून जोडणे ही दुसरी. पहिलीस आपण थर रचणे म्हणू व दुसरीस जोडचित्र म्हणू. इंग्रजीतील मोझॅक हा शब्द आपल्याकडे फरशीमुळे परिचित आहे, अर्थ तोच.

थर कशासाठी रचावयाचे ते पाहा. तेजोमेघाकडून येणारा प्रकाश नळाच्या धारेसारखा अखंड येत नाही, पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा तुटक तुटक येतो. एका क्षणी एखाद्या पिक्सेलवर चार थेंब पडतात, दुसऱ्या क्षणी सात. त्यात सेन्सरची स्वतःची उष्णता आणि त्यातील विजेची गडबड मिसळते. याचा परिणाम म्हणून चित्रावर एक प्रकारची खरखर दिसते, जशी पूर्वी रेडिओवर दूरचे स्टेशन लावताना कानास ऐकू येत असे. ही खरखर प्रत्येक चित्रात निराळी असते. तेजोमेघ मात्र प्रत्येक चित्रात तोच असतो. म्हणून अनेक चित्रांची सरासरी काढली की खरखर आपसांत विरते आणि खरे ते उरते. हिशेब असा आहे की, सुधारणा चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी होते. सोळा चित्रे घेतली तर खरखरीच्या मानाने चित्र चौपट स्वच्छ होते, शंभर घेतली तर दहापट. या हिशेबात एक कठोरपणा आहे, तो विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा. दहापटीची विसपट करावयाची असेल तर शंभराची दोनशे करून भागत नाही, चारशे करावी लागतात. कोणत्याही जादूच्या प्रोग्रॅमने हा नियम मोडता येत नाही. तो मोडल्याचे जो दाखवितो तो बहुधा नसलेले काही तरी चित्रात घालीत असतो.

आणखी एक लाभ असा की, थोड्या थोड्या वेळाची पुष्कळ चित्रे असली म्हणजे एखाद्यातून विमान गेले, उपग्रहाची रेघ उमटली, किंवा वाऱ्याने दुर्बीण हलली, तर तेवढे चित्र बाजूस सारता येते. ५१ मिनिटांच्या एकाच काचेवर ड्रेपरला ही सवलत नव्हती.

महाराष्ट्रातील अलीकडचे एक उदाहरण येथे दिले पाहिजे. मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने चंद्राचे एक चित्र प्रसिद्ध केले, ते देशभर गाजले. त्यासाठी त्याने सुमारे ५०,००० चित्रे एकत्र केली होती आणि त्या कच्च्या सामग्रीचा भार १८६ गिगाबाइट होता. आकाशाकडे पाहून चित्रे घेण्यास सुमारे चार तास लागले. ती निवडून, थर रचून, जोडून एक करण्यास त्याच्या जवळजवळ दसपट तास लागले. चंद्र तर ठळक आहे, त्यास खरखरीचे भय थोडे. तेथे शत्रू आपल्या हवेची थरथर हा असतो, आणि हजारो चित्रांतून हवा स्थिर असतानाची तेवढी निवडून घ्यावी लागतात. वय सोळा वर्षांचे, म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचेच, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

आता जोडचित्राकडे वळू. तेजोमेघ लहान असतात असा एक सर्वसाधारण समज आहे, तो चुकीचा आहे. ते मंद आहेत, लहान नव्हेत. पूर्ण चंद्राची रुंदी आकाशात सुमारे अर्धा अंश भरते. मृगातील तेजोमेघ त्याच्या बाहेरच्या फिकट पदरांसह सुमारे एक अंश रुंद, म्हणजे दोन चंद्र मावतील एवढा आहे. मृगाच्या पूर्व अंगास वेढणारी बर्नार्डच्या नावाची तेजस्वी कमान तर दहा अंशांच्या आसपास पसरलेली आहे. आपल्या डोळ्यांना तिच्याइतका प्रकाश पुरला असता तर मृगाला कोणी मृग म्हटले नसते, त्या कमानीवरूनच नाव पडले असते. उलट दुर्बिणीची नजर अरुंद. समजा, एखाद्या दुर्बिणीचे नाभ्यंतर ६०० मिलिमीटर आहे आणि तिला जोडलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर लांब व १५.७ मिलिमीटर रुंद आहे. सेन्सरच्या लांबीस नाभ्यंतराने भागून ५७.३ ने गुणले की दृष्टिक्षेत्र अंशांत मिळते. येथे ते सुमारे २.२ अंश लांब व १.५ अंश रुंद येते. बाणाच्या ताऱ्यांजवळचा घोड्याच्या मस्तकासारखा दिसणारा काळा मेघ आणि खालचा मोठा तेजोमेघ यांत सुमारे सव्वातीन अंशांचे अंतर आहे. दोन्ही एका चौकटीत मावत नाहीत. कमी नाभ्यंतराचे भिंग लावले तर मावतील, परंतु मग बारकावे जातील. बारकावे आणि विस्तार दोन्ही पाहिजेत तर तुकडे करून जोडण्यावाचून गत्यंतर नाही.

तुकडे कडेला कड लावून घेऊन चालत नाहीत. ते एकमेकांवर थोडे चढलेले असावे लागतात. साधारणतः एकपंचमांश भाग सामाईक ठेवतात. आपल्या उदाहरणात, चौकटीची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली तर पुढची चौकट २.२ अंशांऐवजी सुमारे १.७५ अंशच सरकवावयाची, आणि आडवी १.५ ऐवजी १.२. या हिशेबाने उभ्या तीन व आडव्या दोन अशा सहा चौकटींत सुमारे ५.७ अंश उंच व २.७ अंश रुंद एवढा प्रदेश येतो, आणि घोड्याचे मस्तक व मोठा तेजोमेघ दोन्ही त्यात आरामात बसतात. प्रत्येक चौकटीसाठी दोन-दोन मिनिटांची साठ चित्रे म्हटली तर चौकटीस दोन तास, व सहा चौकटींस बारा तास. म्हणजे एकूण चित्रे ३६०. एका चित्रामागे एवढा खटाटोप असतो.

हा सामाईक पट्टा कशासाठी, हे समजण्यास आपल्या प्रांतातच एक उत्तम दाखला आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन याने देह ठेवला. १८०२ साली मद्रासजवळ एक रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजून त्याने हिंदुस्थानाच्या मोजणीस आरंभ केला, आणि ७८ रेखांशाच्या आसपास त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे सरकत आला. आपले यवतमाळही याच रेखांशालगत आहे. त्याच्या प्रत्येक नव्या त्रिकोणाची एक बाजू मागच्या त्रिकोणाचीच असे. ती सामाईक बाजू नसती तर प्रत्येक त्रिकोण आपल्या जागी बरोबर असूनही एकूण नकाशा कोठल्या कोठे भरकटला असता. आकाशाच्या जोडचित्रात तेच काम सामाईक पट्ट्यातील तारे करतात. सिरिल यांसारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम प्रत्येक चित्रातील ठळक तारे निवडतात, त्यांचे तीन-तीन घेऊन त्रिकोण कल्पितात, आणि त्या त्रिकोणांच्या बाजूंचे परस्पर प्रमाण दुसऱ्या चित्रातील त्रिकोणांशी ताडून पाहतात. चित्र फिरले, सरकले किंवा किंचित लहान-मोठे झाले तरी त्रिकोणाच्या बाजूंचे प्रमाण बदलत नाही. भूमितीच्या तासाला समरूप त्रिकोण कशाला शिकावयाचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही हे उदाहरण देत असतो.

विस्तार मोठा असला म्हणजे आणखी एक अडचण उभी राहते. आकाश गोल आहे आणि चित्र सपाट. संत्र्याची साल टेबलावर दाबून पसरली की ती फाटते किंवा ताणली जाते, तसेच हे. सहा चौकटींच्या चित्रात ताण अगदी थोडा येतो. परंतु अर्धे आकाश जोडावयाचे तर भूगोलाच्या नकाशाकारांना ज्या युक्त्या योजाव्या लागतात त्याच येथेही योजाव्या लागतात. जोडणाऱ्याने कोणती युक्ती योजली हे सांगितले पाहिजे, कारण तीवर चित्रातील आकार अवलंबून असतात.

तारे जुळले म्हणजे काम संपले असे नाही. आमच्या मते अवघड भाग येथून पुढेच सुरू होतो, आणि लबाडीही येथेच शिरते. ज्यांच्या घरी आजीने शिवलेली गोधडी आहे त्यांनी ती उन्हात धरून पाहावी. जुन्या लुगड्याचे दोन तुकडे एकाच लुगड्याचे असले तरी एक अधिक वापरलेला, एक कमी. रंग एक असूनही शिवणीवर फरक उघड दिसतो. आकाशाच्या तुकड्यांचेही असेच होते. पहिली चौकट संध्याकाळी मृग पूर्वेकडे असताना घेतली, शेवटची मध्यरात्रीनंतर तो पश्चिमेस कलल्यावर. मधे एका कडेला गावाच्या दिव्यांचा उजेड चढला. दुसऱ्या रात्री चंद्रकोर होती, तिसऱ्या रात्री नव्हती. शिवाय प्रत्येक भिंग चौकटीच्या मध्यभागी अधिक व कोपऱ्यांत कमी प्रकाश देते. असे तुकडे जोडले तर बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे चौकोन दिसू लागतात.

कोपऱ्यांच्या दोषाचा उपाय सोपा व प्रामाणिक आहे. दुर्बिणीच्या तोंडावर धुवट पांढरे कापड ताणून, सारख्या उजेडात काही चित्रे घ्यावयाची. त्यांत आकाशातील काहीच नसते, केवळ भिंगाचा व धुळीच्या कणांचा दोष असतो. मूळ चित्रास या चित्राने भागले की दोष निघून जातो. त्याचप्रमाणे झाकण लावून घेतलेली काळी चित्रे वजा केली की सेन्सरच्या उष्णतेचा दोष जातो. आकाशाच्या उजेडाचा उपाय मात्र नाजूक आहे. चित्रातील जेथे तेजोमेघ नाही अशा काळ्या जागा निवडून तेथील उजेडाचा चढ-उतार मोजतात व तेवढाच साऱ्या चौकटीतून वजा करतात. परंतु मृगासारख्या प्रदेशात जेथे तेजोमेघ नाही अशी जागा कोठे आहे? फिकट पदर सर्वत्र पसरलेले असतात. निष्काळजी मनुष्य त्यांनाच गावाचा उजेड समजून पुसून टाकतो, किंवा उलट गावाच्या उजेडालाच तेजोमेघ समजून तो ठळक करतो. यास्तव जाणते लोक याच प्रदेशाचे अधिक रुंद दृष्टीचे एखादे जुने चित्र समोर ठेवून, आपल्या तुकड्यांचा उजेड त्याच्याशी ताडून पाहतात.

अखेर शिवण. सामाईक पट्ट्यात दोन्ही तुकड्यांची मापे उपलब्ध असतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाचा वाटा हळूहळू कमी व दुसऱ्याचा अधिक करीत नेला की शिवण दिसत नाही. येथवर सर्व ठीक. परंतु मधला एखादा तुकडा ढगांमुळे राहूनच गेला तर काय करावे? हल्ली असे प्रोग्रॅम निघाले आहेत की, ते शेजारच्या भागावरून अंदाज बांधून रिकामी जागा भरून काढतात, आणि ती इतकी सुबक भरतात की पाहणाऱ्यास शंकाही येत नाही. आमच्या मते तो तुकडा काळा सोडावा.

काळा तुकडा सोडण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुष्कळांनी पाहिले आहे, फक्त त्याकडे लक्ष दिलेले नाही. १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातील तीन उंच खांबांचे चित्र घेतले. तेही ३२ चित्रे जोडून केलेले आहे. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पायऱ्यापायऱ्यांची एक काळी जागा आहे. हबलवरील त्या कॅमेऱ्याचे चार भाग होते व त्यांपैकी एक भाग अधिक बारकाईने परंतु लहान क्षेत्राचे चित्र घेत असे. ते इतरांच्या मापात आणल्यावर त्याच्या भोवती जागा रिकामी राही. ती रंगविणे काही अवघड नव्हते. जेफ हेस्टर व पॉल स्कोवेन यांनी ती तशीच ठेवली, आणि जगातील बहुधा सर्वांत अधिक छापल्या गेलेल्या या आकाशचित्रात ती पायरी आजही दिसते.

हबलनेच मृगातील मोठ्या तेजोमेघाचे जे जोडचित्र केले, ते २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी २००४ व २००५ या वर्षांत दुर्बिणीच्या पृथ्वीभोवतीच्या १०५ फेऱ्या खर्ची पडल्या, पाच रंगांत ५२० चित्रे घेतली गेली, आणि जोडून झालेल्या चित्रात एक अब्जाहून अधिक पिक्सेल व तीन हजारांहून अधिक तारे आले. हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे.

रंगांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण खऱ्या-खोट्याचा निम्मा वाद रंगांवरून होतो. मृगातील तेजोमेघात चमकणारा हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटर लांबीची लाल किरणे देतो, आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरची हिरवी. मोठ्या दुर्बिणीतून डोळ्याने पाहणाऱ्यास हा मेघ फिकट हिरवट दिसतो तो या दुसऱ्या रेषेमुळे. ती रेषा कशाची, हे कोडे पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. नेब्युलियम नावाचे नवे मूलद्रव्यच लोकांनी कल्पिले होते. १९२७ साली आयरा बोवेन याने तो ऑक्सिजनच असल्याचे दाखविले. या कोड्याच्या इतिहासात पुण्याचाही वाटा आहे. तेथील सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली तख्तसिंहजी वेधशाळा होती, आणि तिचे संचालक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील याच मुख्य रेषेचे वेध घेतले. त्यांची २० इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. १९१२ साली ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालास गेली. पुण्यास तिची जागा घेणारे कोणी त्या वेळी निघाले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

चित्रातील लाल रंग हायड्रोजनचा असेल तर तो खरा आहे. डोळ्यास तो दिसत नाही एवढेच. गरुड तेजोमेघाच्या त्या चित्रात मात्र गंधकाची लाली लाल, हायड्रोजनची लाली हिरवी व ऑक्सिजनचा हिरवा निळा, अशी मुद्दाम अदलाबदल केलेली आहे, कारण दोन्ही लाल छटा एकाच रंगात दाखविल्या असत्या तर गंधक कोठे व हायड्रोजन कोठे हे ओळखता आले नसते. ही अदलाबदल जाहीर केलेली आहे. नकाशात समुद्र निळा व डोंगर तपकिरी दाखवितात आणि कोपऱ्यात खुणांचा तक्ता देतात, त्यापेक्षा यात अधिक काही नाही. तक्ता दिला नाही तर मात्र ती फसवणूक.

तुकडे जोडून आकाश उभे करण्याच्या दोन प्रचंड उद्योगांत आपल्या परिसराचा हात आहे. १८८७ साली पॅरिस येथे अनेक देशांच्या ज्योतिर्विदांनी साऱ्या आकाशाचे छायाचित्रण आपसांत वाटून घेतले. प्रत्येक काचेवर दोन अंश लांब-रुंद आकाश, आणि मांडणी अशी की एका काचेचा कोपरा दुसरीच्या मध्यावर यावा, म्हणजे प्रत्येक तारा निदान दोन काचांवर सापडावा. चिलीतील सान्तियागोकडे दिलेला पट्टा तेथे पार पडेना, तेव्हा तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने घेतला व विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुरा केला. पुढे उत्तरेचाही एक पट्टा तिने सांभाळला. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचा मुलूख, आणि अलीकडचे आपले वऱ्हाडही त्या काळी नावापुरते त्याचेच. दुसरा उद्योग पुणे जिल्ह्यातील खोडद येथील ‘जीएमआरटी’ या रेडिओ-दुर्बिणीचा. तिच्या तीस तबकड्यांनी, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, २०१० ते २०१२ या काळात आकाशाचा नव्वद टक्के भाग रेडिओलहरींत टिपला. त्या सामग्रीची नव्याने जुळणी होऊन ५,३३६ जोडचित्रे तयार झाली आणि त्यांत सहा लक्षांहून अधिक रेडिओस्रोत मोजले गेले. या चित्रांत डोळ्यास दिसणारा प्रकाश मुळीच नाही, तरीही जोडण्याची रीत तीच: सामाईक पट्टा, उजेडाचा मेळ, आणि राहिलेल्या जागेची कबुली.

आता आपल्या यवतमाळचा विचार. आपला अक्षांश सुमारे २०.४ अंश उत्तर आहे, आणि तेजोमेघांच्या शोधकास हे मोठे भाग्य आहे. मृगातील तेजोमेघ आपल्याकडे ६४ अंश उंच चढतो. लंडनमध्ये ३३ अंश. धनू राशीतील प्रसिद्ध तेजोमेघ आपल्याकडे ४५ अंशांवर येतो, लंडनकरांस तो क्षितिजालगत १४ अंशांवर धुरात शोधावा लागतो. दक्षिणेचा विशाल कराइना तेजोमेघ त्यांना कधीच दिसत नाही; आपल्याकडे तो दहा अंशांपर्यंत तरी वर येतो. अडचण आहे ती पावसाची. धनूचे तेजोमेघ मध्यरात्री डोक्याकडे येण्याचा काळ नेमका मृगाच्या सरींचा. म्हणून ते मे महिन्यात पहाटे अडीच-तीनच्या सुमारास गाठावे लागतात, आणि तेव्हाची उष्णता सेन्सरला मानवत नाही. सहा-सात अंश तापमान वाढले की त्यातील खरखर उत्पन्न करणारा प्रवाह सुमारे दुप्पट होतो. पौषाच्या अमावास्येच्या आसपास, कापसाची वेचणी चालू असण्याच्या दिवसांत, अंधार पडल्यापासून रात्री दोनपर्यंत मृग तीस अंशांच्या वर असतो. रोज साडेसहा तास मिळाले तर वर सांगितलेले बारा तासांचे चित्र हिशेबाने दोन रात्रींत होते. धुके, दव व इतर विघ्ने धरून तीन रात्री समजाव्या.

जागा गावापासून दूर पाहिजे. वणीकडे कोळशाच्या खाणींचे दिवे आहेत, यवतमाळ शहराचा उजेडही वाढता आहे. टिपेश्वरचे रान अंधारे आहे खरे, परंतु अभयारण्यात रात्री प्रवेश नसतो, आणि वाघांच्या वस्तीत तिवई मांडून बसणे हा खगोलशास्त्राचा भाग नव्हे. घरचे किंवा ओळखीच्या माणसाचे शेत, आणि बरोबर एखादा वडीलधारा मनुष्य, एवढे पुरेसे आहे.

दुर्बीण व ताऱ्यांच्या गतीने फिरणारी तिची बैठक यांस खर्च फार येतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच तो झेपेल, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि जोडण्याची विद्या शिकण्यास दुर्बीण लागत नाही. १९४९ पासून १९५८ पर्यंत अमेरिकेतील पालोमार पर्वतावरील दुर्बिणीने उत्तर आकाशाची काचचित्रे घेतली. प्रत्येक काच १४ इंच चौरस, तीवर साडेसहा अंश आकाश, आणि प्रत्येक भाग लाल व निळ्या अशा दोन रंगांत. ही चित्रे आता संगणकावर कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. मृगाच्या बाणाजवळच्या दोन शेजारच्या चौकटी घ्याव्या. त्यांच्या सामाईक पट्ट्यात दोन्हींत दिसणारे पाच तारे निवडावे, प्रत्येक चौकटीत त्या पाचांमधील अंतरे पिक्सेलमध्ये मोजून दोन स्तंभांत लिहावी व स्तंभ ताडून पाहावे. अंतरे एखाद्या पिक्सेलच्या आत जुळली तर चौकटी जोडण्यास योग्य. न जुळली तर एकीस किती ताणावे हे त्याच दहा अंतरांवरून काढता येते. वही, पट्टी व शाळेतील संगणक एवढ्या साहित्यात हे काम एका दुपारी होते.